रिबिनगवत कुणी खाल्लं

आजवर मी जे काही छापून वाटलं, ते सगळं 'नागरिकहो' या एका शब्दानं सुरू झालं. हे तसं सुरू करता येईना. 'नागरिकहो' म्हटलं की माझा आवाज चढतो, बोट पुढं जातं, आणि ते बोट कायम दुसऱ्या कुणावर तरी रोखलेलं असतं. हेही छापेन तेव्हा बरेच जण वाचतील. पण लिहिताना मला समोर एकच माणूस हवाय. तू. तू कोण आहेस मला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. कारण मी ज्यांना ओळखते त्यांच्यातल्या एकालाही हे मी सांगितलेलं नाही. आईला नाही, मोहिमेतल्या माझ्या माणसांना नाही. चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर किती पानं लिहिली असतील? जाऊ दे.

मी कोल्हापूरची. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. झाडं तोडली, लिहिलं पत्रक. नाल्यात मैला सोडला, लिहिलं पत्रक. या कामाचं एक गणित मला फार लवकर उमगलं: एका पानात एकच गुन्हेगार हवा. दोन झाले की लोकांचा संताप पातळ होतो, आणि तीन झाले की त्याच कागदात भडंग बांधून नेतात. एक माणूस, एक गुन्हा, एक मागणी. यात मी तरबेज होते. अजूनही आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे झालं ते चुकून झालं असं तुला वाटायला नको.

आमच्या भागात म्हसोबाचं तळं आहे. पूर्वी ते गावाबाहेर होतं म्हणे, आता चारी बाजूंनी अपार्टमेंट उभी राहिलीत. सगळ्या तळ्यावर जलपर्णीचं केंदाळ माजलेलं, वरून बघितलं तर हिरवं मैदानच वाटावं. फक्त एक कोपरा मोकळा होता, म्हशी पाण्यात उतरायच्या तो. तिथलं पाणी जरा निवळलं की तळाशी एक गवत दिसायचं. लांब लांब पानं, रिबिनीसारखी. पाण्याबरोबर सगळी एका बाजूला झुकायची आणि सावकाश परत यायची. त्याला शास्त्रातलं नाव आहे, पण तसली नावं पत्रकात चालत नाहीत. म्हणून मीच नाव ठेवलं, रिबिनगवत. 'जिथं रिबिनगवत, तिथं तळं जिवंत' हे वाक्य माझं. तळं वाचवायच्या मोहिमेत आम्ही ते भिंतींवर रंगवलं होतं. चार-पाच भिंतींवर अजून आहे. मी त्या गल्ल्यांतून जायचं टाळते.

शाळेतल्या पोरांना आम्ही तळ्यावर न्यायचो, पण काठावरनं त्यांना काय दिसणार? केंदाळ आणि बाटल्या. मग मला सुचलं की तळंच लोकांसमोर आणून ठेवूया. काचेच्या टाकीत. तळ्याची माती, तळ्याचं गवत, तळ्यातले बारके मासे. हे पाणी असं होतं, असं होऊ शकतं, बघा! जागा दिली तालमीनं. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता आखाडा नसतो. गणपती तिथं, रक्तदान तिथं, भांडणं मिटवणं तिथं, सभाही तिथंच. तालमीच्या बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीला लागून पाच फुटांची टाकी बसली. मागं निळा कागद, वर दिवा, आणि पुढं रिबिनगवताचं दाट रान. खरंच सांगते, देखणी होती ती टाकी. आयुष्यात मी हातानं केलेली तेवढीच एक गोष्ट, बाकी सगळं तोंडानं.

उद्घाटनाच्या दिवशी तालमीचे अध्यक्ष बंडादादा टाकीपुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मासं कुठायत?"

मी बोट दाखवून दाखवून दाखवले. नखाएवढे मासे, गवताच्या रंगाचेच.

"ह्यात काय दम न्हाय," बंडादादा म्हणाले. "तालमीत ठिवायचं म्हंजे कसं, बघणाऱ्याची मान वळाय पायजे. थांब की जरा. पोरास्नी पाठवलंय."

पोरं आली ती पाण्यानं फुगवलेल्या पिशव्या घेऊन. आठ मासे. सिल्व्हर डॉलर म्हणतात त्यांना — ताटलीसारखे चपटे, गोल, अंगावर चांदीचा वर्ख लावल्यासारखे. तेव्हा ते तळहातात मावतील एवढे होते, पुढं बशीएवढे झाले. टाकीत सोडले तसे आठही एकदम वळले. एक वळला की सगळे वळतात. त्या हिरव्या रानातनं ते चकचकीत अंग असं फिरलं की हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. पोरांनी मोबाइल काढले. सगळ्यात मोठ्या माशाचं नाव त्याच क्षणी ठरलं, वस्ताद. टाकीखाली पाटी लागली: 'तालमीकडून सप्रेम भेट'.

हे मासे परदेशातले आहेत, तळ्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. पण शिट्ट्या चालल्या होत्या. आणि जागा तालमीची होती. आणि, हे शेवटचं सगळ्यात खरं, मलाही ते आवडले होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी टाकीच्या पाण्यावर पानं तरंगताना दिसली. मला वाटलं, रुजायला वेळ लागतोय. मग बघितलं तर कडा कुरतडलेल्या. मग नुसते बुडखे राहिले. हे मासे पालेभाजीवर जगणारे आहेत. आणि पालेभाजी म्हणजे त्यांच्या लेखी मऊ, हिरवं, लांब पान. आम्ही त्यांच्यासाठी ताटच वाढून ठेवलं होतं. बाजारातल्या दुकानदाराला विचारलं तेव्हा तो हसायलाच लागला. म्हणाला, "मॅडम, डॉलर हाय त्यो. ह्याच्यासंगं झाड टिकत न्हाय. प्लॅस्टिकचं घाला, न्हायतर दगड-लाकूड ठिवा, त्याला जाड पानाचं कायतरी बांधा." चार मासे परत घ्याल का, म्हणून विचारलं. घेतो म्हणाला, पण कळपातले मासे आहेत, कमी झाले की भेदरतात, कोपऱ्यात बसतात, खाणं सोडतात. मला कारण हवंच होतं. मिळालं. आणता आलं असतं ना जाड पानाचं दुसरं काही? आलं असतं. पण मग ते तळं राहिलं नसतं. आणि प्लॅस्टिक? ज्या मुलीनं प्लॅस्टिकवर तीन पत्रकं काढली तिच्या जिवंत तळ्यात प्लॅस्टिकचं गवत?

मी पालक आणला. काकडीच्या चकत्या दगडाला बांधून सोडल्या. मेथी, कोथिंबीर, कोबीची पानं. ते सगळं खायचे आणि वर रिबिनगवतही खायचे. आणि सदानकदा पळायचे. हे मासे एका जागी थांबतच नाहीत. या काचेपासून त्या काचेपर्यंत, वळले की परत. आत आखाड्यात कुणी गदा जमिनीवर टेकवली तरी दचकून काचेवर आपटायचे, खवले उडायचे. त्या पळण्यात उरलेली रोपंही उपटून यायची. शाळांच्या भेटी तर ठरलेल्या होत्या. आठवड्यात दोन-दोन शाळा. टाकीचे व्हिडिओ फिरत होते. लोक मला 'टाकीवाली ताई' म्हणायला लागले होते.

मग मी काय केलं?

बादली घेतली आणि तळ्यावर गेले.

दुपारी जायचे, उन्हात, काठावर कुणी नसतं तेव्हा. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायचं, मुठीत येईल तेवढं रिबिनगवत मुळासकट उपटायचं, बादलीत पाण्यात ठेवून वर कपडा टाकायचा, स्कूटीच्या पुढ्यात बादली. हॉलही दुपारी रिकामा असायचा, किल्ली माझ्याकडं होती. अर्ध्या तासात टाकी पुन्हा भरगच्च. पोरं यायची, बघायची, वहीत चित्र काढायची. मी सांगायचे, हे गवत आपल्या तळ्यात फक्त एका कोपऱ्यात उरलंय, ते जपा. हे सांगताना माझ्या नखांत त्याच कोपऱ्याचा गाळ असायचा.

पहिल्या वेळी मी स्वतःला सांगितलं, एकदाच. दुसऱ्या वेळेपासून काही सांगायची गरज राहिली नाही.

दुपारी तिथं कुणी नसतं म्हटलं, ते खरं नाही. म्हादूतात्या असायचे. त्यांच्या सात म्हशी पाण्यात बसलेल्या असायच्या, शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर, आणि तात्या मांड्यांपर्यंत धोतर खोचून एकेकीची पाठ दगडानं घासत असायचे. तात्यांना मी लहानपणापासून ओळखते. संध्याकाळी ते कट्ट्यावर म्हशी घेऊन बसायचे, समोर धार काढून ग्लासात द्यायचे. बाबांचं बोट धरून मी तिथं जायचे. ओठावर फेसाची मिशी आली की तात्या ओरडायचे, "आला बघा पैलवान!" मोठी झाल्यावर मला त्यांनी दुसरं नाव ठेवलं, पत्रकवाली. तोंडानं फाटका माणूस. मी पत्रक वाटायला गेले की म्हणायचे, "म्हशीला दे गं, ती तरी खाईल."

पहिल्यांदा त्यांनी मला बादलीसकट बघितलं तेव्हा मी गडबडले. पण त्यांना काय सांगायचं, काय लपवायचं, हे तेव्हा कुठं ठरलं होतं? मी सरळ सांगून टाकलं. तालमीतल्या टाकीतले मासे गवत खातात, पोरं बघायला येतात, टाकी रिकामी दिसायला नको.

तात्या एवढे हसले की म्हस उठून उभी राहिली. "गवत खात्यात? मग ती मासं न्हवंत गं, शेरडं हाईत. दावं लाव त्यांस्नी!" मग म्हणाले, "पोरं बघत्यात न्हवं? मग ने की." आणि स्वतः पुढं खोल पाण्यात जाऊन पायानं मुळं सैल करून त्यांनी मला दोन मुठी गवत उपटून दिलं. त्यानंतरही कितीदा तरी. मी काठावर उभी, ते आत.

हे लक्षात ठेव. त्यांनी मला हातानं उपटून दिलं होतं.

पावसाळा सरला, थंडी आली. आमच्या मोहिमेत शुभांगी म्हणून मैत्रीण आहे, ती दर महिन्याला तळ्याचे फोटो काढते. एकदा तिनं जुने-नवे फोटो शेजारी धरून मला दाखवले. रिबिनगवताचा पट्टा आधी पायऱ्यांपासून पिंपळाच्या सावलीपर्यंत होता. आता चादरीएवढा उरला होता. "काय झालं असेल गं?" ती म्हणाली. "म्हशींमुळं तर नसेल?"

तिथं बोलता आलं असतं. एक वाक्य. मी उपटलंय, शुभे. ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, मासे परत गेले असते, टाकीत दगड-लाकूड आलं असतं. इतकंच झालं असतं ना? मी हे हजारदा मनात करून बघितलंय. आणि मी नुसती गप्प बसले असते तरी आज एवढं लिहावं लागलं नसतं. पण मी गप्प बसणारी नाही. मी म्हणाले, "दुसरं काय असणार?"

आणि त्याच आठवड्यात पत्रक निघालं. 'तळं कुणाचं — माणसांचं की म्हशींचं?' असा मथळा. एक गुन्हेगार, एक गुन्हा, एक मागणी: त्या कोपऱ्याला कुंपण घाला. लिहायला मला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. राग खरा वाटत होता. तुला विचित्र वाटेल, पण लिहिताना मी खरोखरच चिडले होते. म्हशींवर, तात्यांवर, सगळ्यांवर. कशावर चिडले होते मी?

तालमीत सभा लागली. त्या दुपारी मी तळ्यावर गेले होते. हे मला सगळ्यात जास्त लपवावंसं वाटतं, म्हणून सांगते. सभा टाकीच्या समोर होणार होती. टाकी उघडीबोडकी दिसली तर कुणीतरी विचारणार. म्हणून उरलेल्या चादरीतलं अर्धं मी त्या दुपारी उपटलं. तात्या नव्हते, सभेसाठी म्हशी लवकर नेल्या होत्या. मला बरं वाटलं होतं ते नाहीत म्हणून. टाकी मी अशी भरली की मासे गवतातनं वाट काढत फिरत होते.

हॉल खच्चून भरला. आमची माणसं, अपार्टमेंटमधली माणसं, तालमीची पोरं. म्हशीवाली तीन-चार घरं मागं भिंतीला टेकून उभी. मी बोलले. चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. मग तात्या पुढं आले. ते भांडायला आले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं, पोरीची काहीतरी गैरसमजूत झालीय आणि आत्ता दूर होईल असं.

"आगं पोरी," ते म्हणाले, "तूच सांगितलंस की मला. मासं खात्यात म्हणून. तूच न्हेत हुतीस की बादलीनं. मी दिलंय न्हवं उपटून?"

 शुभांगीनं माझ्याकडं बघितलं.

किती वेळ गेला असेल? श्वास घेण्याइतका. तेवढ्यात मला सगळं दिसलं. भिंतींवरची वाक्यं, शाळा, व्हिडिओ, पाटी, बंडादादांचा चेहरा. यातनं सुटायला एकच दार होतं, आणि त्या दारात तात्या उभे होते. मी हसले. तात्यांच्याच भाषेत, कोल्हापुरी ठसक्यात म्हणाले, "तात्या, उद्घाटनाला चार काड्या न्हेल्या, तेवढंच. ही बघा की टाकी. आठ मासं, आणि एक पान कमी न्हाय! माझ्या बादलीत कशाला हुडकताय? तुमच्या म्हशीच्या पोटात हुडका!"

हॉल फुटला हसून. पोरांनी बाकं बडवली. त्या आवाजानं मागं टाकीत मासे दचकले, काचेवर आपटले, आणि ते बघून लोक आणखी हसले. तात्या टाकीकडं बघत राहिले. त्या भरगच्च हिरव्या टाकीकडं. मग त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणाले, पण ऐकू कुणाला येणार? कुणीतरी मागून ओरडलं, "तात्या, बादलीत म्हस सापडली काय?"

झालं. आमच्या गावात टोपणनाव पडायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून ते बादलीतात्या झाले. कट्ट्यावर दूध प्यायला येणारी माणसं विचारायची, तात्या, आज बादली कुठाय? पोरं लांबून ओरडून पळून जायची. आधी तात्या शिव्या घालायचे. शिव्या घालायचे तोवर ठीक होतं. मग ते शिव्या घालायचे बंद झाले.

कुंपण आलं. लोखंडी, उंच, मागणीप्रमाणं. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला, मी मधोमध आहे. म्हशींना आता दुसरं पाणी नव्हतं. नळाच्या पाण्यावर, गल्लीत, सात म्हशी किती दिवस धुणार? शेजारचे अपार्टमेंटवाले तक्रारी करायला लागले. माझंच पत्रक हातात धरून. उन्हाळा लागायच्या आत तात्यांनी म्हशी विकल्या. टेम्पोत चढवताना चंद्री नावाची म्हस चढेना, आणि तात्यांनीच तिला हाक मारून वर घेतलं, असं आईनं मला सांगितलं. आईला वाईट वाटत होतं. "पण तळ्यासाठी करावंच लागलं असंल," ती म्हणाली. माझी बाजू घेत होती ती. मी जेवत होते. जेवत राहिले.

आणि तळं? कुंपणाच्या आतला तो कोपरा एका पावसाळ्यात केंदाळानं गिळला. म्हशी रोज उतरायच्या, डुंबायच्या, म्हणून तर तिथं केंदाळ टिकत नव्हतं आणि तळापर्यंत ऊन पोचत होतं. हे मला आधी कळायला हवं होतं का? नंतर कळलं तेव्हा तरी मी काय केलं? केंदाळावर पत्रक काढलं.

उपटायला काही उरलं नाही तेव्हा टाकीत प्लॅस्टिकचं गवत आलं. 'तळ्यातलं गवत पुन्हा वाढेपर्यंत' असं मी पाटीवर लिहिलं. मासे दोन दिवस ते चावून बघत होते. मग त्यांनी नाद सोडला. आता पालक खातात. आठही आहेत. दर रविवारी मी पाणी बदलते. दुसरं कुणी करायला तयार आहे, पण मी किल्ली देत नाही. का देत नाही, मला सांगता यायचं नाही. मी पाइप धरून उभी असते आणि ते माझ्यासमोरनं जातात, वळतात, परत येतात. पाच फूट तिकडं, पाच फूट इकडं. कधी कधी माझी मीच दचकते, आपण किती वेळ असे उभे आहोत.

एक प्रसंग राहिला.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, पाठीवर नक्षी कातरलेली. मालक फटफटीवर पुढं आणि म्हस त्याच्या आवाजामागं पळत. तात्यांची चंद्री त्यांच्या नुसत्या शिट्टीवर धावायची. गर्दी बाजूला व्हायची. म्हशी विकल्यानंतरच्या पाडव्याला मी आणि शुभांगी बघायला उभ्या होतो. समोरच्या कडेला तात्या. नवा पांढरा सदरा, इस्त्रीची टोपी, हात मागं बांधलेले. दुसऱ्यांच्या म्हशी पुढनं जात होत्या आणि ते प्रत्येकीकडं अगदी नीट, पारखून बघत होते. तेवढ्यात तालमीतल्या एकानं आवाज दिला, "काय बादलीतात्या, रिकाम्या हातानं? बादली तरी पळवायची की!"

लोक हसले. शुभांगी हसली नाही. ती म्हणाली, "बास करायला पाहिजे गं हे आता."

मी हसले.

मला हसू आलं नव्हतं. सगळे हसत असताना मी एकटी न हसता उभी राहिले तर कुणीतरी माझ्याकडं बघेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तात्यांनी बघितलं. गर्दीतनं सरळ माझ्याकडं. मग पुढची म्हस आली आणि ते तिच्याकडं बघायला लागले.

आता ते दूध संकलन केंद्रावर कॅन धुतात. दुसऱ्यांच्या म्हशींच्या दुधाचे कॅन. गेल्या आठवड्यात मी तिथं गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते, भाषणाआधी घोकते तसं. तात्या उकिडवे बसले होते, हातात पाइप, पुढं कॅनची रांग. मला बघून म्हणाले, "काय गं पत्रकवाली? सही पायजे काय?"

"तात्या," मी म्हणाले, "तळ्यातलं ते गवत —"

त्यांनी ओला हात वर केला. रागानं नाही. वाहनाला थांबवतात तसा.

"मला काय सांगतीस?" ते म्हणाले. "मी हुतो की तिथं. मीच दिलंय उपटून. ज्यांस्नी म्हाईत न्हाय, त्यांस्नी सांग जा."

आणि पाइप कॅनमध्ये घातला. पत्र्यावर पाण्याचा आवाज एवढा मोठा झाला की पुढं काही बोलायची सोयच राहिली नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. एक कॅन झाला, दुसरा झाला. मग आले.

म्हणून हे. उद्या छापून येईल, माझ्या नावानं, आणि एक प्रत मी तालमीच्या फळ्यावर लावणार आहे. त्या सभेला जे जे होते, जे हसले, ज्यांनी नंतर ते नाव घेतलं, त्यांच्यासाठी. म्हसोबाच्या तळ्यातलं रिबिनगवत मी उपटलं. एकदा नाही, महिनोन्‌महिने. ते टाकीतल्या माशांनी खाल्लं. मला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. सभेत मी खोटं बोलले. म्हादूतात्या खरं बोलत होते.